यंत्र म्हणते म्हणून?

काही महिन्यांपूर्वी आम्ही जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात एका वस्तीवर गेलो होतो. तेथील तरुणांनी विहाराला लागून असलेल्या एका खोलीत अभ्यासिका चालविली आहे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके, कुणीतरी दिलेली जुनी टेबले, एक पंखा आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. पुस्तकात डोके घातलेल्या मुलांच्या पलीकडे, कोपऱ्यात, चार-पाच शाळकरी पोरे बुद्धिबळाचा पट मांडून बसली होती. पटावर मोहरी फक्त चार होती. पांढरा राजा बी-६ या घरात, त्याचे एकच प्यादे सी-६ वर. काळा राजा ए-१ वर कोपऱ्यात आणि काळा हत्ती डी-५ वर. खेळी पांढऱ्याची.

आम्ही विचारले, "काय रे, यात कोण जिंकतो?"

नववीतला एक मुलगा ताडकन म्हणाला, "सर, पांढरा जिंकतो."

"कशावरून?"

"फोन म्हणतो ना सर!" असे म्हणून त्याने भावाचा मोबाईल आमच्यापुढे धरला. त्यावर बुद्धिबळाचे इंजिन चालू होते.

पोराचे उत्तर बरोबर होते. फोनही बरोबर होता. तरीही ते उत्तर ऐकून आम्ही अस्वस्थ झालो. "कशावरून?" या प्रश्नाला आपल्या मुलाने "अमुक म्हणतो म्हणून" असे उत्तर द्यावे, हे आम्हाला रुचले नाही. अमुक म्हणतो म्हणून खरे मानायचे नाही, यासाठीच तर आपल्या चळवळीने एवढी किंमत मोजली आहे. पोथी म्हणते म्हणून नाही, भटजी म्हणतो म्हणून नाही, पाटील म्हणतो म्हणून नाही. मग फोन म्हणतो म्हणून कसे चालेल?

म्हणूनच आज या सदरात बुद्धिबळाविषयी लिहीत आहोत. विषय वाचकांना वेगळा वाटेल. पण शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

आधी ते कोडे पाहू. इ.स. १८९५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या एका साप्ताहिकात बार्बिये नावाच्या लेखकाने ते छापले होते आणि डाव बरोबरीत सुटतो असे सांगितले होते. त्याच शहरात राहणारे फर्नांडो सावेद्रा हे स्पॅनिश धर्मगुरू काही नामांकित खेळाडू नव्हते. पण छापून आलेले उत्तर त्यांनी मुकाट्याने मान्य केले नाही. त्यांनी पट मांडला, विचार केला आणि पांढरा जिंकतो हे दाखवून दिले. आज सव्वाशे वर्षांनंतरही सावेद्रांचे नाव जगभर घेतले जाते, ते या एका खेळीमुळे.

ती खेळी कोणती? पांढरा प्यादे सी-७ वर नेतो. काळा हत्ती शहावर शह देत सुटतो. पांढरा राजा बी-५, बी-४, बी-३ असा एकेक घर खाली उतरत शेवटी सी-२ वर येतो. आता काळा हत्ती डी-४ वर जाऊन सापळा लावतो. पांढऱ्याने घाईने सी-८ वर प्याद्याचा वजीर केला, की हत्ती सी-४ वर येऊन शह देतो. वजिराने हत्ती मारला की काळ्या राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. डाव बरोबरीत! सावेद्रांनी प्याद्याचा वजीर केलाच नाही, हत्ती केला. हत्तीला सी-४ वरून काळ्या राजाची तिरकी घरे अडवता येत नाहीत, म्हणून कोंडी होत नाही. उलट ए-८ वरून मात करण्याची धमकी तयार होते. ती अडवायला काळा हत्ती ए-४ वर येतो, तेव्हा पांढरा राजा बी-३ वर जातो. आता एकाच वेळी हत्ती मरतो आहे आणि सी-१ वर मातही होते आहे. काळा संपला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात अनेक ठिकाणी असा नियम होता, की प्यादे ज्या घरात पोचेल त्या घराचेच मोहरे त्याला होता येईल. हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती, उंटाच्या घरात पोचले तर उंट. या नियमाने सावेद्रांचे प्यादे सी-८ वर पोचून काय झाले असते? उंट! कारण ते घर उंटाचे. एकट्या उंटाने मात होत नाही, म्हणजे हे कोडे देशी नियमाने कधीच जिंकता आले नसते. ज्या ओळीत उभे राहिलात त्या ओळीचेच व्हा, हा नियम आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. आंतरराष्ट्रीय नियम प्याद्याला विचारतो, तुला काय व्हायचे ते तूच ठरव. आम्ही ही गोष्ट त्या मुलांना सांगितली तेव्हा त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा पटकन म्हणाला, "मग पहिला नियम मनूनेच केला असंल!" सगळे हसले. अर्थात तो नियम मनूने केलेला नाही. पण पोराला मुद्दा कळला होता.

आता यंत्राविषयी. बुद्धिबळाचे इंजिन म्हणजे लाखो खेळ्यांचा हिशेब झरझर करून त्यातली चांगली खेळी सांगणारी संगणक प्रणाली. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या महाकाय संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. आज त्याहून बलवान इंजिन साध्या मोबाईलमध्ये चालते. २००८ पासून विकसित होत आलेले स्टॉकफिश हे इंजिन सर्वांसाठी फुकट आहे. त्याची प्रणालीसुद्धा खुली आहे, कुणीही उघडून पाहावी.

डाव शेवटच्या टप्प्यात आला, थोडीच मोहरी उरली, की त्याला खेळाडू एंडगेम म्हणतात. त्यासाठी इंजिनाच्या जोडीला टेबलबेस असतो. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. संगणक आधी मात झालेल्या सर्व स्थिती गोळा करतो. मग उलटा चालू लागतो. एका खेळीत मात होईल अशा स्थिती कोणत्या, दोन खेळ्यांत कोणत्या, असे करत करत तो प्रत्येक स्थितीवर शिक्का मारतो: जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरीची. हे काम अमेरिकेतील बेल लॅब्सच्या केन थॉम्पसन यांनी चार-पाच मोहऱ्यांपासून पुढे नेले. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठातील संगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थिती पूर्ण झाल्या. त्या साठवायला १४० टेराबाइट जागा लागली. २०१८ मध्ये त्याच सात मोहऱ्यांचा दुसरा, आटोपशीर संच सुमारे १८ टेराबाइटमध्ये बसविण्यात आला आणि तो आज इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. म्हणजे राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी असतील, तर अचूक उत्तर मिळते. त्यात अंदाज नसतो.

हे फुकट मिळते, याचे मोल आपण ओळखले पाहिजे. १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक छापले गेले. मूळ संस्कृत, भाषांतर इंग्रजी. त्यात मात करण्याच्या स्थिती दिल्या होत्या. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्राच्या राजधानीत अशी कोडी छापली गेली होती. पण संस्कृत कुणाला येत होते आणि इंग्रजी कुणाला येत होते? आमच्या पणजोबाच्या पणजोबाला त्या पुस्तकाला हात तरी लावता आला असता काय?

पंजाबचे मीर सुलतान खान आठवावेत. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या आश्रयाने ते लंडनला गेले. युरोपीय खेळाडूंसारखी पुस्तकी अभ्यासाची शिदोरी त्यांच्यापाशी नव्हती. तरी त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली आणि माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरविले. डावाच्या शेवटच्या टप्प्यात तर ते भल्याभल्यांना भारी पडत. त्याच घरातील फातिमा या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळविले. पुढे आश्रयदाता मायदेशी परतला, त्याबरोबर हे दोघेही परतले आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय खेळ संपला. सुलतान खान १९६६ मध्ये वारले. जागतिक महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ मध्ये! गुण स्वतःचा, पण संधी दुसऱ्याच्या मर्जीवर. ज्याला जमीनदार लागत नाही, असा शिक्षक आज मोबाईलमधून वस्तीवर आला आहे. तो जात विचारत नाही, फी मागत नाही, "तुझ्याच्याने व्हायचे नाही" असेही म्हणत नाही. म्हणून यंत्राला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

उलट, यंत्राने ग्रंथप्रामाण्याची कशी जिरविली तेही सांगतो. दोन उंट विरुद्ध एक घोडा, दोन्हीकडे राजा, एवढीच मोहरी असतील तर घोडेवाल्याला एक बळकट जागा सापडते आणि डाव बरोबरीत राहतो, असे क्लिंग आणि होर्विट्झ यांनी १८५१ च्या पुस्तकात लिहिले. पुढे पिढ्यान् पिढ्या तेच शिकविले गेले. मोठमोठ्या उस्तादांनी तेच घोकले. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्या संगणकाने सर्व स्थिती तपासल्या आणि दोन उंटांची बाजू सर्वसाधारणपणे जिंकते असे दिसून आले. काही स्थितींत त्यासाठी ६६ खेळ्या लागतात एवढेच. १३२ वर्षे पुस्तक चुकीचे होते आणि कुणी तपासले नव्हते! मोहरे मारले न जाता व प्यादे न हलता ५० खेळ्या झाल्या की बरोबरी मागता येते, असा नियम आहे. अशा शोधांमुळे जागतिक महासंघाला काही वर्षे त्यात सवलती द्याव्या लागल्या. १९९२ मध्ये पुन्हा सर्वांना ५० खेळ्यांचाच नियम लागू झाला.

वाचक म्हणतील, मग यंत्रच खरे! थांबा. दुसरी बाजूही पाहा.

२०१७ मध्ये ब्रिटनचे शास्त्रज्ञ रॉजर पेनरोज (ज्यांना २०२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले) यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने एक कोडे प्रसिद्ध केले. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट आणि वर प्यादी. इंजिनाने मोहऱ्यांची मोजदाद केली आणि काळा प्रचंड पुढे आहे असे सांगितले. पण पट नीट पाहिला तर काळ्याचे वजीर-हत्ती स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांचे आहेत. पांढऱ्या राजाने पांढऱ्या घरांवरून फिरत राहावे, त्याला कुणी काही करू शकत नाही. डाव बरोबरीचा. शाळकरी मुलाला हे पाच मिनिटांत समजावता येते. इंजिनाला ते समजत नव्हते, कारण त्याने सैन्य मोजले. सैन्याला हलता येते की नाही हे पाहिले नाही. पटावर सातपेक्षा कितीतरी जास्त मोहरी, त्यामुळे टेबलबेसही मदतीला नाही.

दुसरे उदाहरण प्लास्केटच्या कोड्याचे. ते रचले हॉलंडच्या व्हान ब्रॉयकेलेन यांनी, पण १९८७ मध्ये ब्रुसेल्सच्या स्पर्धेत इंग्रज ग्रँडमास्टर प्लास्केट यांनी ते जमलेल्या दिग्गजांपुढे मांडले. दिग्गज थकले. माजी जगज्जेते मिखाईल ताल बागेत फेरी मारायला गेले आणि उत्तर घेऊन परतले. त्यात पांढरा एकामागून एक मोहरी देऊन टाकतो आणि काळ्याची प्यादी जीव वाचविण्यासाठी वजीर न होता घोडे होतात. तरीही मात होते. जुनी इंजिने या कोड्यात वर्षानुवर्षे चाचपडत राहिली, कारण सुरुवातीला पांढरा नुसता तोट्यातच दिसतो. आजची इंजिने ते सोडवतात, पण त्यांनाही वेळ द्यावा लागतो. घाईने पडद्यावरचा आकडा पाहणारा तेथे फसतो.

याचा अर्थ काय? पुस्तक चुकले ते यंत्राने दाखविले. यंत्र चुकले ते माणसाने दाखविले. सावेद्रांच्या काळी तर यंत्रही नव्हते. छापील उत्तर एका साध्या खेळाडूने खोटे ठरविले. तिन्ही वेळा सत्य सापडले ते तपासल्यामुळे. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्या यादीत आता यंत्रही घालावे लागेल.

आज केवळ बुद्धिबळापुरता हा प्रश्न राहिलेला नाही. आमची मुले निबंध, गणित, अर्ज, सारे काही यंत्राला विचारू लागली आहेत. तेथे टेबलबेससारखे अचूक उत्तर मिळण्याची हमी नाही आणि चूक कोठे आहे हे पटावर मांडून पाहण्याची सोयही नाही. बुद्धिबळात ती सोय आहे. म्हणून यंत्राला प्रश्न विचारण्याची आणि यंत्रावर प्रश्न उभा करण्याची सवय लावायला चौसष्ट घरांचा पट ही उत्तम शाळा आहे, असे आमचे मत आहे.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, "पोटाला भाकर नाही आणि तुम्ही पोरांना राजा-वजीर शिकवता? बुद्धिबळाने नोकरी लागते काय?" प्रश्न रास्त आहे. जालन्याच्या स्टील कारखान्यात भट्टीपुढे राबणाऱ्या बापाला, कापूस वेचणाऱ्या मायला, हंगामात मुलाबाळांसह ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला हा खेळ श्रीमंतांचा वाटणारच. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे. पण तेथवर पोचायला गुणाबरोबर प्रशिक्षक, प्रवास आणि स्पर्धांचा खर्च पेलणारे घर लागते, हेही खरे आहे. मोबाईल फुकट शिकवतो. रेल्वेचे तिकीट फुकट देत नाही. ही दरी शासनाने आणि क्रीडा संघटनांनी भरावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावी नियमित स्पर्धा व्हाव्यात, मागास व गरीब मुलांचे प्रवेश शुल्क माफ व्हावे, यात गैर काहीच नाही.

तथापि, प्रत्येक मूल ग्रँडमास्टर व्हावे म्हणून आम्ही हे सांगत नाही. सगळ्याच प्याद्यांना वजीर करायला निघालो, की सावेद्राच्या कोड्यासारखी कोंडी होते. प्रत्येक घरातून कलेक्टरच निघाला पाहिजे, या हट्टापायी किती पोरे वर्षामागून वर्षे खोलीत कुजत आहेत, हे अभ्यासिका चालविणाऱ्यांना विचारा. कुणाचा हत्ती होईल, कुणाचा घोडा. स्थिती पाहून ठरविता आले पाहिजे, आणि ते ज्याचे त्याने ठरविले पाहिजे.

अभ्यासिका चालविणाऱ्या तरुणांना आमच्या काही साध्या सूचना आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ कोड्यांसाठी ठेवावी. सुरुवात चार मोहऱ्यांपासून करावी. कोडे फळ्यावर मांडल्यावर पहिला अर्धा तास मोबाईल टेबलावर पालथा असावा. प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहावे, चुकले तरी लिहावे. नंतर इंजिन उघडावे, आणि नुसती पहिली खेळी पाहून थांबू नये, "मी सांगितलेली खेळी का चुकली?" हे इंजिनाविरुद्ध ती खेळी खेळूनच पाहावे. शेवटी एकाने फोनशिवाय सर्वांना समजावून सांगावे. ज्याला समजावता येत नाही, त्याला समजलेले नाही. मुलींना आवर्जून बोलवावे. त्यांची वेळ स्वयंपाकाच्या वेळेशी भांडत असेल तर वेळ बदलावी, मुली वगळू नयेत.

खर्च किती? एक-दोन पट आणि एक फळा. जयंतीला डीजेवर जो पैसा उडतो, त्यातला एका तासाचा पैसा या कामी पुरेल. बाबासाहेबांच्या जयंतीचा पैसा पोरांच्या डोक्यासाठी लागला, तर त्यात कुणाची मिरवणूक लहान होणार आहे?

त्या वस्तीवर आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. तोच नववीतला मुलगा भेटला. त्याने आपण होऊन पट मांडला, त्याच चार मोहऱ्यांचा. फोन खिशात होता. राजा एकेक घर खाली उतरविताना तो प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत होता: येथे सी-५ वर का जायचे नाही, येथे हत्ती काय करील. शेवटी प्याद्याचा हत्ती केला आणि आमच्याकडे पाहिले.

आम्ही पुन्हा विचारले, "कोण जिंकतो?"

"पांढरा."

"कशावरून?"

तो म्हणाला, "तुम्ही काळं घ्या सर. वाचवून दाखवा."

आम्ही काळी मोहरी घेतली आणि हरलो. एवढ्या आनंदाने आम्ही यापूर्वी कधी हरलो नव्हतो.